अंड्यांतून निघालेली गांधीलमाशी नवी जात आहे, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू बागायतीत पानाच्या खालच्या बाजूला स्टिंक बगच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या, घाण वास सोडणाऱ्या ढेकणाच्या) अंड्यांचा पुंजका मिळाला. बाटलीत ठेवल्यावर त्यातून ढेकणाची पिल्लं निघालीच नाहीत, जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या काळ्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या. ओळखकिल्ली (एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारी प्रश्नमाला) लावत ट्रिसोल्कस या जीनसपर्यंत (जवळच्या जातींच्या गटापर्यंत) पोचता आलं, पण पुढे एकाही जातीशी मेळ बसत नाही. ही नवी जात म्हणून वर्णन करायची तर काय काय करावं लागेल?

किल्लीत न बसणं हा नवेपणाचा पुरावा नाही, इथून सुरुवात करू. किल्ली करणाऱ्याला जेवढ्या जाती ठाऊक होत्या आणि त्याने जेवढा प्रदेश धरला होता, तेवढंच तिच्यात असतं. युरोपची किल्ली सत्तरीच्या माशीला लावली तर ती कुठेतरी अडणारच, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या नावावर नेऊन सोडणार. ‘नवी जात’ हे विधान बाटलीतल्या माशीबद्दल कमी आणि आजवर दिलेल्या जुन्या नावांबद्दल जास्त असतं. त्यांतलं एकही नाव हिला लागू पडत नाही, असं तुम्ही म्हणत असता. सगळ्यात जास्त मेहनत तिथे पडते. वर्णन, फोटो, नाव ही त्यामानाने सोपी कामं.

याच जीनसमधलं एक उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेत आणि युरोपात फळबागांची दाणादाण उडवणाऱ्या हॅलिओमॉर्फा हॅलिस या ढेकणाच्या अंड्यांवर जगणारी एक ट्रिसोल्कस 2009 साली चीनमधून ट्रिसोल्कस हॅलिओमॉर्फी या नावाने नवी म्हणून प्रसिद्ध झाली. 2013 साली जुने नमुने तपासले तेव्हा दिसलं की ॲशमीडने 1904 सालीच तिला नाव देऊन ठेवलं होतं: ट्रिसोल्कस जॅपोनिकस. जुन्या नावाचा हक्क आधी, म्हणून 2009 चं नाव पर्यायी नावांच्या यादीत गेलं. जैविक नियंत्रणासाठी जिच्यावर जगभर काम चालू होतं, तिच्याबाबत हे घडलं.

आता हातातल्या मालाकडे. एका पुंजक्यातून वीस माद्या निघाल्या तर वीस नमुने मिळाले असं वाटतं, पण त्या बहुतेक एकाच आईच्या लेकी असतात. गांधीलमाश्यांत फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, झालेल्यातून मादी. अंड्यांवर जगणाऱ्या या माश्यांची आई नर मोजकेच ठेवते, ते एकदोन दिवस आधी बाहेर पडून पुंजक्यावरच थांबतात आणि बहिणींशीच मिलन करतात. त्यामुळे एका पुंजक्यातली सारखी दिसणारी वीस शरीरं जातीतली विविधता दाखवत नाहीत, फार तर एका घराण्याचा चेहरा दाखवतात. निदान चार-पाच वेगवेगळे पुंजके हवेत, तेही शक्यतो वेगवेगळ्या गावांतून. वाळपईच्या बाजूचे मिळाले असतील तर सांगे, काणकोणकडच्या काजूत आणि शेजारच्या कुळागरांतही (सुपारीच्या बागांतही) शोधा. काजूला नवी पालवी आणि मोहोर येतो त्या काळात रस शोषणारे ढेकूण वाढतात, तेव्हा अंडी मिळण्याची शक्यता जास्त.

जागेची परवानगी आधी मिटवा. खाजगी बागायतीत भाटकाराची (बागायतीच्या मालकाची) संमती पुरते. म्हादई, मोले, बोंडला, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत एक पान तोडायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि सत्तरीत बागायत कुठे संपते आणि अभयारण्य कुठे सुरू होतं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. शोधनिबंधात अक्षांश-रेखांश छापले जातात, त्यामुळे हद्दीतला नमुना लपून राहत नाही. परवानगीचा क्रमांकही निबंधात द्यावा लागतो.

पुंजका पानाच्या तुकड्यासकट कापून काचेच्या छोट्या नळीत ठेवा आणि तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावा. मलमल नको, तिच्या विणीतून सव्वा मिलिमीटरची माशी आरामात निसटते. एका नळीत एकच पुंजका. पाण्याचा थेंब आत टाकू नका. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत पान दोन दिवसांत बुरशी धरतं, म्हणून पानाचा अंड्यांबाहेरचा भाग शक्य तितका कापून टाका आणि नळीत टिपकागदाची पट्टी ठेवा. उन्हाळ्यात उलट होतं, पान वाळून अंडी सुकतात. तेव्हा नळ्या झाकणाच्या डब्यात, ओल्या कापसाच्या शेजारी ठेवाव्यात. डब्याच्या पायाशी पाण्याची ताटली ठेवायला विसरलात तर मुंग्या एका रात्रीत सगळं संपवतात.

माश्या निघाल्या की लगेच मारू नका. ताज्या निघालेल्या माशीचं कवच मऊ असतं, रंग फिका असतो, वाळल्यावर ती चेपते. नळीच्या आतल्या बाजूला मधाची बारीक रेघ ओढून एक दिवस जगू द्या. नंतर मारा. निघण्याची तारीख आणि पुंजका गोळा केल्याची तारीख वेगळ्या लिहा.

पुंजका फेकून देऊ नका. रिकामी अंडी, त्यांवरची बाहेर पडण्याची भोकं आणि न फुटलेली अंडी हा यजमानाचा, म्हणजे माशी ज्याच्या अंड्यावर जगली त्या ढेकणाचा, पुरावा आहे. एखाद्या पुंजक्यातून काही ढेकूणपिल्लं निघालीच तर ती प्रौढ होईपर्यंत वाढवा, कारण ‘काजूवरचा कुठला तरी स्टिंक बग’ असं निबंधात चालत नाही. यजमानाची ओळख ढेकणांच्या जाणकाराकडून करून घ्या. काजूवरच्या कीटकांसाठी जुन्या गोव्याजवळ एला इथली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारपट्टी कृषी संशोधन संस्था जवळची आहे.

इथे एक फसवी जागा आहे. त्याच पुंजक्यातून ट्रिसोल्कसखेरीज ग्रायॉन, उएन्सिर्टस किंवा ॲनास्टॅटस या जीनसांतल्या माश्याही निघू शकतात. ॲक्रोक्लिसॉइडिससारखी माशी निघाली तर ती ढेकणाच्या अंड्यावर जगलेलीच नसते, अंड्यात आधी वाढणाऱ्या ट्रिसोल्कसच्या अळीवर जगलेली असते. म्हणजे ती परजीवीवरची परजीवी. हे पाहायचं तर अंडी एकेक सुटी करून स्वतंत्र कॅप्सूलमध्ये ठेवावीत. जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल त्यासाठी उत्तम, पण पावसाळ्यात त्या ओल धरून चिकटतात, तेव्हा छोट्या प्लास्टिकच्या नळ्या बऱ्या.

साठवणीसाठी 95 टक्के किंवा शुद्ध इथेनॉल आणि फ्रीझर. डीएनए काढायचा नसेल आणि फक्त बाह्य रचना पाहायची असेल तर 70 टक्के चालतं, त्यात अवयव लवचिक राहतात. पण त्यात महिनोन्‌महिने पडलेल्या माशीचा डीएनए तुटत जातो. कडक मद्यार्कात माशी ठिसूळ होते, शृंगिका (मिशा) मोडतात, म्हणून दोन्हींत थोडे थोडे नमुने ठेवणं शहाणपणाचं. गोव्यात असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो: फेणी चालेल का? नाही. तीत मद्यार्क 42 टक्क्यांच्या आसपास, उरलेलं बहुतेक पाणी. नमुना आतून सडतो. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट रात्रीपुरतं ठीक, त्यात मिसळलेली द्रव्यं पुढे डीएनएच्या कामात त्रास देतात. इथेनॉल महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या परवान्यावरच मिळवा.

मद्यार्कातून काढून नुसतं हवेत वाळवलं तर बऱ्याच बारीक गांधीलमाश्यांचं डोकं आणि पोट आत बसतं. ट्रिसोल्कसचं कवच टणक असल्याने ती बरीच तग धरते. युलोफिडी, ॲफेलिनिडी, ट्रायकोग्रामॅटिडी या कुळांतल्या मात्र चुरगळतातच. उपाय एचएमडीएस (हेक्सामिथाइलडायसिलाझेन) या द्रव्याचा. शुद्ध इथेनॉलमधून माशी निम्मं इथेनॉल आणि निम्मं एचएमडीएस अशा मिश्रणात अर्धा तास ठेवायची, नंतर निव्वळ एचएमडीएसमध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास, आणि मग ते उडून जाऊ द्यायचं. वाफ घातक असते. हे काम घरच्या टेबलावर करायचं नाही, प्रयोगशाळेच्या धूरकपाटातच करायचं. इथेनॉलमध्ये पाणी राहिलं असेल तर ही रीत बिघडते, म्हणून आधीचं इथेनॉल खरोखर शुद्ध हवं.

वाळलेली माशी जाड कागदाच्या त्रिकोणी टोकावर तिच्या उजव्या बाजूने चिकटवा. डावी बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे, कारण ट्रिसोल्कसमध्ये वक्षाच्या बाजूच्या पट्टीवरचे खळगे आणि चरे हीच जातींमधली मुख्य ओळख. डिंक पाण्यात सुटणारा हवा. सुताराचा पांढरा डिंक वाळला की पाण्यात नीट सुटत नाही आणि पुढच्या अभ्यासकाला माशी फिरवता येत नाही. डिंकाचा ठिपका सुईच्या टोकाएवढा. जास्त झाला की पायांची मुळं आणि पोटाचा खालचा भाग बुडून जातो. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साध्या टाचण्या गंजतात, पितळी हिरव्या पडतात. डब्यात सिलिका जेल, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास, हवा सर्वांत दमट असते तेव्हा, दर आठवड्याला एकदा नजर.

नराची जननेंद्रियं स्लाइडवर घ्यावी लागतात. ट्रिसोल्कसच्या जाती प्रामुख्याने मादीवरून ओळखतात, पण जवळच्या टेलेनोमस या जीनसमध्ये नराच्या जननेंद्रियांशिवाय नवी जात वर्णन करूच नये, असं माझं मत आहे. पोट वेगळं करून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं, पाण्याने धुवायचं, 70, 90, 100 टक्के मद्यार्कातून न्यायचं, मग लवंगतेलात आणि शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत झाकणकाचेखाली. होयर हे दुसरं माध्यम झटपट असतं, पण ते कालांतराने फुटतं, त्यामुळे टाइप मालिकेसाठी, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेल्या नमुन्यांसाठी, वापरू नये. बाल्सम वाळायला 40 ते 45 अंशांच्या ओव्हनमध्ये काही आठवडे लागतात. घाई केली की झाकणकाच सरकते आणि तयारी तिरकी होते.

मोजमापं सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रकाचेतल्या पट्टीने. प्रत्येक भिंगावर ती पट्टी काचपट्टीच्या मापाशी जुळवून घ्या. झूम असलेल्या यंत्रात खुणेवर थांबा, मधे कुठेतरी नाही. डोक्याची रुंदी आणि लांबी, डोळ्यांची उंची, डोक्यावरच्या तीन साध्या नेत्रकांमधली अंतरं, मागच्या नेत्रकापासून डोळ्याच्या कडेपर्यंतचं अंतर, शृंगिकेच्या एकेका खंडाची लांबी-रुंदी, पोटाच्या पहिल्या दोन पट्ट्यांची लांबी-रुंदी. मोजायचा भाग भिंगाशी समांतर नसेल तर आकडा नेहमी कमी येतो, आणि बहुतेक चुकीची गुणोत्तरं तिथेच जन्मतात. निदान दहा माद्या मोजा. होलोटाइपचे, म्हणजे जातीचं नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं त्याचे, आकडे वेगळे द्या, बाकीच्यांचा पल्ला द्या. नुसती सरासरी देऊ नका.

आकड्यांपेक्षा रचनेवर भर द्या, कारण आकार यजमानाच्या अंड्यावर अवलंबून असतो. मोठ्या अंड्यातून मोठी माशी निघते आणि आकार बदलला की गुणोत्तरंही थोडी सरकतात. याचं टोकाचं उदाहरण ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिस. फुलपाखरा-पतंगांच्या अंड्यातून निघालेल्या तिच्या नराला पंख असतात, सायॅलिस या पाणकीटकाच्या अंड्यातून निघालेला नर बिनपंखी असतो. दोन्ही एकच जात. त्यामुळे ‘आमची थोडी मोठी आहे’ हा फरकच नव्हे.

ट्रिसोल्कसमध्ये पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. डोक्याच्या मागच्या कडेची उठावाची रेघ पूर्ण आहे की मधे तुटते. कपाळावर चरे आहेत की नुसता खडबडीतपणा. वक्षाच्या पाठीवरच्या दोन खाचा आहेत का, आणि किती लांब. बाजूच्या पट्टीवर खळग्यांची ओळ कुठून कुठवर जाते. पोटाच्या पहिल्या पट्टीच्या कडेला किती केस आहेत आणि दुसऱ्या पट्टीवरच्या रेघा किती मागेपर्यंत पोचतात. जीनसची खात्रीही परत करून घ्या. ट्रिसोल्कसची पोटाची दुसरी पट्टी लांबीपेक्षा रुंद असते, टेलेनोमसची बहुधा लांबट. मादीची शृंगिका दोन्हींत साधारण अकरा खंडांची, नराची बारा. काजूवर टी मॉस्किटो बग या किडीच्या अंड्यांतून निघणारी टेलेनोमस कस्पिस भारतातूनच 2013 साली वर्णिली गेली आहे, म्हणून ‘काजूवरची अंड्यातली काळी माशी’ म्हटल्यावर तिच्याशी तुलना आधी हवी.

आता मुख्य काम. ट्रिसोल्कसमध्ये आजवर दिलेल्या सगळ्या नावांची यादी करा, फक्त भारतातल्या नव्हे. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, चीन, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका, सगळीकडच्या. ढेकूण पिकांबरोबर जगभर फिरतात, त्यांच्या माश्याही. ट्रिसोल्कस बॅसॅलिस आज कितीतरी खंडांत सापडते. यादी करताना दुसऱ्या जीनसांत पडलेली नावंही धरा. मायक्रोफॅन्युरस आणि ॲसॉल्कस ही एकेकाळची जीनस आज ट्रिसोल्कसमध्ये विलीन झाली आहेत, आणि जुन्या लेखकांनी कितीतरी ट्रिसोल्कस टेलेनोमस म्हणून वर्णिलेल्या आहेत. ऑनलाइन हायमेनोप्टेरा कॅटलॉग इथे कामाला येतात, पण ते कळीचं साधन नव्हे, सुरुवातीची खूण आहे.

प्रत्येक नावाचं मूळ वर्णन मिळवा. ही जुनी वर्णनं अनेकदा चार ओळींची असतात: ‘काळी, पाय पिवळट, पंख पारदर्शक’. अशा ओळी अर्ध्या जीनसला लागू पडतात. भारतातल्या बारीक गांधीलमाश्यांबद्दल एम. एस. मणी यांनी 1930 च्या दशकापासून लिहिलं, ते आणि नंतरच्या आढाव्यांतलं सगळं वाचणं भाग आहे. ज्या नावाचं वर्णन तुमच्या माशीशी विसंगत नाही त्याचा टाइप नमुना, म्हणजे मूळ लेखकाने नाव ज्यावर ठेवलं तो नमुना, पाहिल्याशिवाय ते नाव ओलांडू नका. प्रत्यक्ष जायची गरज नसते. संग्रहालयाच्या क्युरेटरला नेमक्या कोनांची यादी देऊन फोटो मागा: डोकं समोरून, डोकं मागून-वरून, वक्ष डाव्या बाजूने, पोटाची पाठ, लेबल. ‘टाइपचा फोटो पाठवा’ एवढंच लिहिलं तर उपयोग नसलेला एक आडवा फोटो येतो. ट्रिसोल्कस ज्यात येते त्या प्लॅटिगॅस्ट्रॉइडिया गटावर भारतात झेडएसआयच्या (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या) कोझिकोडे केंद्रात बरंच काम झालेलं आहे. बेंगळुरूच्या एनबीएआयआर या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेत शेतीशी संबंधित परजीवी माश्यांचा मोठा संग्रह आहे, आणि दिल्लीत पुसा इथे राष्ट्रीय संग्रह. एकट्याने किल्ला लढवण्यापेक्षा या गटातला एक जाणकार सहलेखक म्हणून आधीच घेतला तर वर्षभराची धडपड वाचते.

हे सगळं एका तक्त्यात मांडा: उभ्या ओळीत लक्षणं, आडव्यात जाती. ज्या जातीशी तुमच्या माशीचा फरक फक्त एका लक्षणाचा उरतो तिथे थांबा आणि ते लक्षण त्या जातीत बदलतं का हे शोधा. तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे फरक नव्हे, माहिती नाही एवढाच त्याचा अर्थ.

डीएनएचं काय? सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या) जनुकाचा 658 बेसचा तुकडा काढून घ्या, त्यालाच डीएनए बारकोड म्हणतात. मदत होतेच, विशेषतः नर आणि मादी एकाच जातीचे आहेत हे जोडायला. माशी न चिरडता काढायची रीत वापरा. आख्खी माशी प्रोटिनेज-के (प्रथिनं विरघळवणारं विकर) असलेल्या द्रावणात 56 अंशांवर रात्रभर, मग ती बाहेर काढून, धुऊन, पूर्ववत टोचणीवर. नमुना आणि अनुक्रम एकाच शरीराचे राहतात. दोन-तीन टक्क्यांचा फरक म्हणजे वेगळी जात, हा ठोकताळा मात्र सोडून द्या. वोल्बाकिया हा जिवाणू गांधीलमाश्यांत सर्रास असतो आणि सीओआयचं चित्र तो बिघडवू शकतो. काही वेळा या जनुकाची केंद्रकात पडून असलेली खोटी प्रतच वाचली जाते. शिवाय ऑनलाइन साठ्यातल्या अनुक्रमांना लावलेलं नाव कुणी तपासलेलं असेलच असं नाही. 2021 साली कोस्टा रिकातून ब्रॅकोनिड कुळातल्या गांधीलमाश्यांच्या 403 जाती मुख्यतः बारकोडच्या आधारे, अगदी तुटपुंज्या वर्णनासह प्रसिद्ध झाल्या आणि त्यावर मोठा वाद झाला. भारतासाठी ती वाट मला पटत नाही. इथले जुने टाइप शंभर वर्षांचे आहेत, त्यांचा अनुक्रम नाही. बारकोडवर ठेवलेलं नवं नाव त्या जुन्या नावांशी ताडून पाहताच येत नाही.

मग लेखन. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्या मोजक्या अटी पाळल्या नाहीत तर सुंदर फोटोंसकटचं नावही ग्राह्य धरलं जात नाही. नव्या जातीचा उल्लेख ‘नवी जात’ असा स्पष्ट हवा. होलोटाइप म्हणून एकच नमुना नेमून सांगितलेला हवा. तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे लिहिलेलं हवं. आणि इतरांपासून वेगळेपण शब्दांत हवं, नुसतं चित्र चालत नाही. संहिता भाषेची सक्ती करत नाही, म्हणजे मराठीतलं वर्णनही नियमाने चालेल. तरी जगभरच्या अभ्यासकांनी वाचावं असा सल्ला तीच देते, म्हणून इंग्रजीत लिहा.

होलोटाइप निवडताना दोन्ही शृंगिका पूर्ण, पंख उघडे, डावी बाजू स्वच्छ अशी मादी घ्या. सर्वांत मोठी घ्यायचा मोह टाळा. लाल लेबल होलोटाइपला, पिवळं पॅराटाइपना (टाइप मालिकेतल्या बाकीच्या नमुन्यांना). लेबलवर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, दोन्ही तारखा, यजमान, झाड, गोळा करणाऱ्याचं नाव. गोव्यात गावाच्या नावाची दोन-तीन रूपं चालतात: सांखळी आणि सांकेलिम, केपे आणि क्वेपेम. पोर्तुगीज काळातल्या लेबलांवर पणजीच्या जागी ‘नोव्हा गोवा’ दिसतं. म्हणून अक्षांश-रेखांश कधीही वगळू नका. मद्यार्कातल्या लेबलवर पेन्सिलच, लेझर प्रिंटची अक्षरं सुटून तरंगू लागतात.

वर्णनापेक्षा निदानाचा, म्हणजे इतर जातींपासूनचे फरक सांगणारा, परिच्छेद महत्त्वाचा, आणि बहुतेक हस्तलिखितं तिथेच कच्ची असतात. ‘ही जात खालील लक्षणांमुळे वेगळी’ असं म्हणून दहा लक्षणं ठोकून देणं म्हणजे निदान नव्हे. सर्वांत जवळच्या दोन-तीन जाती नावानिशी घ्या आणि प्रत्येकीपासूनचा फरक समोरासमोर लिहा: त्या जातीत चरे डोळ्यापर्यंत पोचतात, हिच्यात अर्ध्यावर थांबतात. सोबत सुधारित किल्ली द्या, निदान भारतातल्या जातींची. फोटो थरांचे, एका चित्रासाठी वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेल्या वीस ते साठ चौकटी जोडून. काळ्या चकचकीत कवचावर दिव्याची झळाळी येते, पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून माशीवर ठेवला की प्रकाश पसरतो. मोजपट्टी प्रत्येक चित्रात.

नाव ठेवताना जीनसचं लिंग पाहा. ट्रिसोल्कस पुल्लिंगी, एन्कार्सिया स्त्रीलिंगी, ट्रायकोग्रामा नपुंसकलिंगी. सत्तरीवरून ‘सत्तरिएन्सिस’ पहिल्या दोघांत तसंच राहील, ट्रायकोग्रामात ‘सत्तरिएन्से’ होईल. त्या जीनसमध्ये ते नाव पूर्वी कुणी वापरलं नाही ना, हे तपासा, विलीन झालेल्या जीनसांसकट. स्वतःचं नाव देऊ नये. यजमानावरून नाव देण्याआधी थांबा, कारण तीच माशी पुढे आणखी तीन ढेकणांवर सापडते.

कायद्याची बाजू. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार नवी जात सापडली तर ती नियुक्त संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी ते झेडएसआय, कोलकाता. पुण्यात आकुर्डीला झेडएसआयचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, सल्ल्यासाठी ते गोव्याला जवळ. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही नियुक्त संग्रहालय आहे, पण समुद्री जीवांसाठी, गांधीलमाशी तिथे जात नाही. परदेशी सहकाऱ्याला नमुना पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी पाठवण्याआधी घ्या. टपालात साधं पाकीट म्हणून टाकलेला नमुना पुढे प्रकाशन अडवतो. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत निबंध पाठवू नका. होलोटाइप महाविद्यालयाच्या कपाटात राहिला तर मार्गदर्शक निवृत्त झाल्यावर तो सापडत नाही. पॅराटाइप मात्र दोन-तीन संग्रहालयांत वाटा.

नियतकालिक निवडताना झूबँकची (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीची) अट नीट पाळली जाते का ते पाहा. 2012 पासून फक्त ऑनलाइन निघालेलं नाव तेव्हाच ग्राह्य असतं, जेव्हा काम झूबँकवर आधी नोंदलेलं असतं, त्याचा पुरावा निबंधातच छापलेला असतो आणि प्रसिद्धीची तारीख दिलेली असते. नंतर नोंद करून चालत नाही. झूटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ हायमेनोप्टेरा रिसर्च, ओरिएंटल इन्सेक्ट्स, झेडएसआयचं रेकॉर्ड्‌स अशी सरळ नावं आहेत. पैसे भरले की चार दिवसांत छापून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे परीक्षक नसतो आणि अटी राहून जातात, मग तुमचं नाव अधांतरी आणि दुसऱ्याला ती जात पुन्हा वर्णिण्याची मोकळीक. निबंध निघेपर्यंत ठरवलेलं नाव फेसबुकवर, वर्तमानपत्रात किंवा परिषदेच्या गोषवाऱ्यात टाकू नका. नाव फुटतं, हक्क मात्र मिळत नाही. प्रबंधात आधी वर्णन येणार असेल तर तिथे नावाऐवजी ‘ट्रिसोल्कस जात 1’ असंच लिहा.

एवढं सगळं केल्यावर ती जुनीच जात निघण्याची शक्यता चांगली मोठी आहे. तेव्हाही हाती आलेला माल कमी नाही. गोव्यातली पहिली नोंद, काजूवरचा नेमका यजमान, नराचं पहिलं वर्णन, खात्रीशीर नावाला जोडलेला सीओआय अनुक्रम आणि टाइपचे नवे फोटो. जुन्या चार ओळींच्या वर्णनाला हे जोडून सविस्तर पुनर्वर्णन प्रसिद्ध करता येतं. त्यात नमुने जमा करण्याची आणि यजमान पडताळण्याची रीत तीच, फक्त होलोटाइप नेमायचा नाही आणि झूबँकवर नवं नाव नोंदायचं नाही.